सूरजकुंडचा मेळा: आधी वस्तू उलटून पाहा

सूरजकुंडच्या हस्तकला मेळ्याला जाणार असाल तर पैठणीचा पदर उलटून पाहायची आपल्या घरातली सवय सोबत न्या. दोन-अडीच आठवडे टिकणाऱ्या या बाजारात हाताचं काम कोणतं आणि यंत्राचं कोणतं, हे बहुतेक वेळा वस्तूच्या पाठीवर कळतं.

मेळा 1987 पासून हरियाणातल्या फरिदाबादमध्ये, दिल्लीच्या हद्दीला लागून भरतो. 2013 पासून तो आंतरराष्ट्रीय झाला आणि भारतातल्या कारागिरांशेजारी उझबेकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तान असे गाळे दिसू लागले. पूर्वी 1 ते 15 फेब्रुवारी हे ठरलेलं असे, आता तारखा सरकतात: 2024 ला 2 ते 18 फेब्रुवारी, 2025 ला 7 ते 23. तेव्हा तारखा जाहीर झाल्यावरच रेल्वेचं आरक्षण करा. 2025 ला प्रवेश इतर दिवशी 120 रुपये आणि शनिवार-रविवारी 180 होता. पैशांपेक्षा गर्दीचा फरक मोठा आहे. रविवारी कारागिराला मान वर करायला फुरसत नसते. मंगळवार-बुधवारी सकाळी गेट उघडताच आत शिरलात, तर पहिले दोन तास तो हातातलं काम दाखवत बोलतो.

मुंबईहून ऑगस्ट क्रांती राजधानी आणि पुण्याहून गोवा एक्सप्रेस, दोन्ही हजरत निजामुद्दीनला उतरवतात, ते सोयीचं. तिथून पिंक लाइनने लाजपत नगर, तिथे गाडी बदलून व्हायोलेट लाइनने बदरपूर बॉर्डर आणि पुढे रिक्षा. रिक्षाचं भाडं बसण्याआधी ठरवा. सकाळी स्वेटर लागतो, दुपारी तो हातात धरून फिरावं लागतं. पाठीवरची सॅक बरी.

पहिली फेरी काहीही न घेता मारा. एकच प्रकार चार ठिकाणी दिसतो आणि किमतीतली तफावत तेव्हाच कळते. गाळ्यावरचा माणूस कारागीर की व्यापारी, हेही याच फेरीत ओळखा. "हे करायला किती दिवस लागले, सुरुवात कुठून केली?" एवढं विचारलं तरी पुरतं. कारागीर लगेच वस्तूवर बोट ठेवून दाखवतो, व्यापारी किंमत सांगतो. भारतीय कारागिरांकडे हस्तकला विभागाचं 'पहचान' ओळखपत्र असतं. ते पाहायला मागण्यात गैर काही नाही.

सर्वांत जास्त वेळ उझबेक सुझनीला द्या. सुती किंवा रेशमी कापडावरचं हे भरतकाम, मोठमोठी लाल वर्तुळं आणि वेली. जुन्या पद्धतीत कापडाच्या अरुंद पट्ट्या कच्च्या टाक्यांनी जोडतात, त्यावर नक्षी रेखतात, मग पट्ट्या उसवून घरातल्या वेगवेगळ्या बायका एकेक भरतात आणि शेवटी पुन्हा जोडतात. त्यामुळे जोडावर वर्तुळाचे दोन अर्धे किंचित खालीवर बसतात, कधी लाल रंगाची छटाही बदलते. गिऱ्हाईक हा दोष समजून बाजूला ठेवतं आणि नेमका अस्सल तुकडा सोडून येतं. पाठ पाहा: हाताच्या कामात टाक्यांची लांबी कमीजास्त असते, गाठी दिसतात. यंत्राच्या कामात मागे एकाच रंगाचा बारीक दोरा सगळीकडे सारखा धावतो.

बांगलादेशी जामदानी या विणलेल्या बुट्ट्यांच्या कापडाची परीक्षा वेगळी. विणताना प्रत्येक बुट्टीसाठी जादा आडवा धागा हाताने घालतात आणि तो त्याच बुट्टीत वळवतात. मागून बुट्टी जवळपास पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. यंत्रमागावर धागा एका बुट्टीतून दुसरीत लोंबत जातो आणि नंतर कापतात, म्हणून पाठीवर कापलेल्या टोकांची कुसं बोटाला लागतात. पैठणीलाही हाच न्याय. मागे जाळीचं अस्तर लावलेलं असेल तर सावध व्हा.

गालिच्याची झालर नंतर शिवलेली नको, ती उभ्या ताण्याचीच टोकं असायला हवीत. ढोकऱ्याची धातूची मूर्ती साच्यातलं मेण वितळवून त्या जागी धातू ओतून करतात आणि साचा फोडून काढतात, म्हणून दोन मूर्ती तंतोतंत सारख्या नसतात. कडेने साच्याची रेघ दिसली तर ठेवून द्या. पश्मिना अंगठीतून ओढून दाखवतात, त्यावर जाऊ नका. पातळ व्हिस्कोसही (कृत्रिम रेशीम) तशी जाते. झालरीचा एक धागा मागून घेऊन जाळून पाहा: लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरडते, व्हिस्कोसला कागदाचा.

घासाघीस करावी, पण बेताने. महिनाभराच्या कामाला निम्मी किंमत सांगणं हा त्या हातांचा अपमान आहे. त्यापेक्षा दोन वस्तू एकाच ठिकाणी घेऊन भाव विचारा. शेवटच्या दोन दिवसांत माल परत न्यायला नको म्हणून भाव उतरतात, मात्र उत्तम तुकडे तोवर गेलेले असतात. दुपारनंतर गर्दीत मोबाइलचं नेट अडकतं आणि परदेशी गाळ्यांवर यूपीआय मिळेलच असं नाही, म्हणून रोख ठेवा, 500 च्या नोटांबरोबर 100 च्याही.

बांधणीचं सामान घरून न्या. जयपूरची निळी भांडी मातीची नसून क्वार्ट्झ आणि काचेच्या भुकटीची असतात. ठिसूळ असल्याने कडा आधी टवका सोडते. आत कपडा कोंबा, बाहेरून टॉवेल गुंडाळा आणि सामानात न देता जवळ ठेवा. पट्टचित्राच्या कापडावर चिंचोक्याच्या खळीचा आणि खडूचा थर असतो, घडी घातली की रंग तडकतो. 3 इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा नेलात तर चित्र, रंगाची बाजू बाहेर ठेवून, सैल गुंडाळून त्यात बसतं.

सुझनी घरी आणल्यावर थेट पाण्यात घालू नका. पांढऱ्या फडक्याचं ओलं टोक लाल टाक्यावर मागच्या बाजूने मिनिटभर दाबून धरा. फडक्यावर गुलाबी डाग उमटला तर ती फक्त ड्रायक्लीनिंगला द्यायची आणि उन्हात टांगायची नाही.