अनवाणी

मधुमेही रुग्णांच्या पायांचं ड्रेसिंग करणं हे माझं काम. वसईचे वाडीवाले, फुलवाले, मासळी विकणाऱ्या बाया. बहुतेकांना आमची आठवण येते ती जखमेत हळद नाहीतर कॉफी दाबून झाल्यावर. आणि डॉक्टरसाहेब पट्टी न सोडता दारातूनच अँटिबायोटिक बदलून मोकळे होतात.

हे काका मात्र शिस्तीचे. गोळ्या वेळेवर, साखर आटोक्यात. तरी उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, तळव्यावरची जखम भरेना. कडेने सारखा घट्टा धरायचा. तो १५ नंबरच्या ब्लेडने पापुद्रा पापुद्रा करत तासायचा, खालची गुलाबी कातडी दिसेपर्यंत. हात जड पडला तर रक्त येतं, हलका पडला तर पू आतच दबून राहतो. हे काम मी दुसऱ्या कुणाला करू देत नाही. इतका घट्टा धरतोय म्हणजे सगळं वजन त्याच जागी पडतंय. चप्पल उलटी करून पाहिली. एमसीआरची, म्हणजे मधुमेहींसाठीच्या मऊ रबराची, आणि तळ कोरा करकरीत!

"घालतो ना, इथे येताना," काका म्हणाले.

ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू होता. दर शुक्रवारी क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटचालीची प्रार्थना, चौदाही स्थानकं अनवाणी, आवारातल्या तापलेल्या फरशीवर. "देवापुढे काय चपला घालून मिरवू? मोशेलाही काढायला लावल्या होत्या," हे त्यांनी मलाच ऐकवलं. मीही त्याच मिस्सेला जाणारी, काय बोलणार? १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवला, तर त्यांना पत्ताच नव्हता.

त्यातच पवित्र गुरुवारी, येशूने शिष्यांचे धुतले तसे, फादर ज्यांचे पाय धुणार, त्या बारांत काकांचं नाव आलं. आदल्या दिवशी हजर. "पट्टी काढ, बाय. फादरांच्या हाताला घाण नको."

"डावा पाय पुढे करा."

"सगळे उजवा करतात. लोक विचारतील."

इथे मी अडले, ती अजून अडलेलीच आहे. देवासाठी पाय भाजून घेणारा माणूस लोकांपुढे एका पट्टीला लाजतो? येशू पाय धुवायला आला तेव्हा शिष्य पेत्रही आधी नाहीच म्हणाला होता म्हणा. तसे आमच्याकडचे बाराही जण घरून पाय घासून, नखं कापूनच येतात. फादर वर चमचाभर पाणी सोडतात.

काकांनी शेवटी जागा काकींना दिली. २०१६ पासून रोमने बायकांनाही मुभा दिली आहे, पण काकींना कधी कुणी विचारलं नव्हतं. वाडीत राबून चिरलेल्या टाचा घेऊन त्या तशाच जाऊन बसल्या. काकांची ही नम्रता होती की सुटका, मला ठरवता येत नाही.

परवा चप्पल थोडी झिजलेली दिसली. चर्चच्या दारापर्यंत घालतात म्हणे, आत काढतात.

"आत फरशी थंड असते गं."

"थंड की गरम, ते तुम्हाला कळतं कुठे?"

"त्याला कळतं ना," म्हणत त्यांनी पाय स्टुलावर ठेवला. घट्टा होताच. मी ब्लेडचं पाकीट फोडलं.