तळावलीचं सांतान चर्च: आधी ओल्ड गोव्यातला पडका मनोरा बघा, मग इकडे या

जुलैत आईला घेऊन गोव्याला गेलेलो, बीच वगैरे काही नाही, फक्त तळावलीचं सांतान, म्हणजे सेंट अ‍ॅनचं, चर्च बघायचं म्हणून. कोणी जाणार असाल तर थेट तिथे जाऊ नका, आधी ओल्ड गोव्यात सेंट ऑगस्टिनचा मनोरा बघा. 46 मीटर उंच, सगळा जांभा, बाकी चर्च गेलं. 1842 ला आतली कमान कोसळली, 1931 ला दर्शनी भिंत आणि अर्धा मनोरा पडला. तिथे उभं राहून मूळ चर्च कसं असेल याचा काही म्हणजे काही अंदाज येत नाही.

तो अंदाज सांतानला आला. या चर्चचा दर्शनी भाग त्याच चर्चच्या धर्तीवर बांधला असं मानतात, पाच मजले एकावर एक, दोन्ही बाजूंना चौकोनी मनोरे, सगळं चुन्याने पांढरंशुभ्र. 1681 ला काम सुरू झालं आणि 1695 ला पुरं झालं, म्हणजे इकडे आपल्याकडे शिवाजी महाराजांनंतरचा धामधुमीचा काळ. पांढरा रंग जिथे पावसाने उडालाय तिथे खालचा जांभा दिसतो, भोकाभोकांचा, आपल्या कोकणातल्या घरांना असतो तोच. आत शिंपल्याच्या आकाराचे कोनाडे आहेत, ते मी कितीतरी वेळ बघत बसलो, हात आपल्याकडच्याच कारागिरांचा हे कोणी सांगावं लागत नाही. भिंती आतून पोकळ आहेत, त्यातून लोक गुपचूप कन्फेशनला, म्हणजे पाद्रीपुढे पापांची कबुली द्यायला, जायचे असं सांगतात.

जायचं कसं, तर पणजी-मडगाव बसने गोवा वेल्हाला उतरून आत जावं लागतं, त्यापेक्षा स्कूटर बरी, फक्त पावसात आतले रस्ते निसरडे असतात. एरवी दार बंद असू शकतं, आम्ही पहिल्या दिवशी बाहेरूनच परत आलो, म्हणून रविवारी सकाळच्या मिसाच्या (चर्चमधल्या प्रार्थनेच्या) आसपास जा, मिसा संपेपर्यंत मागे शांत बसा, फोटो नंतर.

आणि जमलं तर जुलैअखेर फेस्ताला, म्हणजे चर्चच्या जत्रेला, जा. सेंट अ‍ॅन म्हणजे मारियाची आई, येशूची आजी, त्यामुळे मूल व्हावं म्हणून जोडपी तिला काकडी वाहतात, कोकणीत तवशें, म्हणून हे तवशांचं फेस्त. आई म्हणाली, नवस तो नवस, आणि बाहेर बसलेल्या बाईकडून दोन काकड्या घेऊन माझ्या बहिणीच्या नावाने वाहून आली.