शेपूट हलतेय, मग एवढा खर्च कशाला?

"अहो डॉक्टर, तो तर मस्त शेपूट हलवतोय. मग एवढं सगळं कशाला?"

आज जनावरांच्या दवाखान्यात माझ्या आधी नंबर असलेल्या गृहस्थांचा प्रश्न. कुत्र्याने उंदराचं औषध खाल्लं होतं. त्यांच्या एका हातात पट्टा, दुसऱ्या हातात खर्चाच्या अंदाजाचा कागद. घडी घालायची, परत उघडायची, शेवटचा आकडा बघायचा.

डॉक्टरांनी आधी औषधाचं रिकामं पाकीट बघायला मागितलं. मग म्हणाले, या विषाने रक्त गोठायचं थांबतं, पण लक्षणं दिसायला बहुतेक वेळा ३ ते ५ दिवस जातात. आत्ता लगेच उलटी करवली, ॲक्टिव्हेटेड चारकोल (पोटातलं विष शोषून धरणारा खास कोळसा) दिला आणि पुढचे काही आठवडे रक्त गोठायला मदत करणाऱ्या व्हिटॅमिन के १ च्या गोळ्या चालू ठेवल्या, तर कुत्रा वाचण्याची शक्यता चांगली. रक्तस्राव सुरू झाल्यावर आणलंत तर ॲडमिट करा, रक्त चढवा, आणि बिल कुठच्या कुठे. शिवाय खात्री नाहीच.

मला त्या गृहस्थांचा राग नाही आला. आपलं स्वतःचं आजारपण असलं की आधी दुखतं, मग बिल येतं. इथे प्राणी ठणठणीत, समोरच्याच्या बुटाची नाडी चावतोय, आणि आकडा मात्र आत्ताच भरायचा. (खिसा मीही चाचपला असता.)

त्यांनी सही केली.

तुम्ही घरच्या प्राण्याच्या अशा अचानक खर्चासाठी काही बाजूला काढून ठेवता, की वेळ आली की बघू?