कोब्रा रेप्लिका घेऊन नॉर्थ कोस्ट 500 : गाडी बांधताना काय केलं आणि रस्त्यात काय कामी आलं

आधीच सांगतो, गाडी खरी एसी कोब्रा, म्हणजे साठच्या दशकातली ती प्रसिद्ध उघडी स्पोर्ट्स कार, नाही, रेप्लिका आहे. फायबरग्लासची बॉडी, नवीन स्टीलची चॅसिस, एका जुन्या जॅग्वार एक्सजे40 चं सस्पेन्शन, ब्रेक आणि डिफरन्शियल, आणि रेंज रोव्हरमधून काढलेलं 3.9 लिटरचं व्ही8 इंजिन. खऱ्या कोब्रा 1962 ते 67 मधे साधारण हजारच बनल्या, त्यातली अगदी पहिली, सीएसएक्स2000, 2016 मधे लिलावात 13.75 मिलियन डॉलरला गेली. म्हणजे ज्याला ती गाडी नुसती बघायची नाही तर पावसापाण्यात चालवायची आहे त्याने ती स्वतः बांधायची, हाच मार्ग उरतो. मी कॉव्हेंट्रीत राहतो, गॅरेज एक गाडी कशीबशी मावेल एवढंच, तरी तिथेच बांधली, आणि मे महिन्यात मी आणि बायको ती घेऊन स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला फिरून आलो. नॉर्थ कोस्ट 500 म्हणजे इन्व्हर्नेसला सुरू होऊन इन्व्हर्नेसलाच संपणारा 516 मैलांचा, आपल्या हिशोबात 830 किलोमीटरचा फेरा.

ज्यांना असं काही करायचंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझं ठाम मत असं की ट्रिप कशी होणार हे गाडी बांधतानाच ठरतं. कुठल्या नटाला हात पोचतो, कुठली वायर कुठून नेली, सायलेन्सरपासून तुमचे पाय किती लांब आहेत, हे सगळं गॅरेजमधे किरकोळ वाटतं आणि डोंगरात तेच मोठं होतं.

इंजिनापासून सुरू करतो कारण त्यावरच सगळ्यात जास्त वाद होतात. कोब्रा म्हटलं की लोकांना 427 क्युबिक इंचाचं, सात लिटरचं धूडच आठवतं. पण मुळात गोष्ट वेगळी होती. थेम्स डिटनच्या एसी कंपनीची एस नावाची हलकी दोन सीटर गाडी होती, तिला मिळणारं ब्रिस्टलचं सहा सिलिंडर इंजिन 1961 मधे बंद झालं, तेव्हा कॅरोल शेल्बी या अमेरिकन रेसरने त्यांना विचारलं की यात अमेरिकन व्ही8 बसवूया का, आणि फोर्डने आपलं नवीन हलकं 260 क्युबिक इंचाचं, म्हणजे 4.2 लिटरचं इंजिन दिलं. म्हणजे पहिली कोब्रा हलकीच गाडी होती, टनभर वजनाची. म्हणून मी रोव्हरचं व्ही8 घेतलं. ते अख्खं अ‍ॅल्युमिनियमचं, मूळ ब्यूकचं डिझाइन, रोव्हरने 1965 मधे हक्क घेतले आणि पुढे कितीतरी वर्षं वापरलं, त्यामुळे पार्ट इथे कुठेही मिळतात. नाक हलकं राहतं, गाडी वळणात वळते. सात लिटरवाल्यांचा मला आदर आहे, पण एका गाडीपुरत्या रस्त्यावर ती ताकद वापरायला जागाच नाही.

डोनर गाडी, म्हणजे जिचे भाग काढून वापरायचे ती, निवडताना एक्सजे40 का, तर जुन्या एक्सजे6 मधे मागचे डिस्क ब्रेक चाकात नसून आत डिफरन्शियलला चिकटून असतात, ते तापतात आणि पॅड बदलायचे तर गाडीखाली झोपून हाताचे हाल होतात. एक्सजे40 ला ते बाहेर चाकात आले. बांधताना हा फरक फारसा जाणवत नाही, पण लांब उतार उतरताना मागचा ब्रेक मोकळ्या हवेत आहे हे माहीत असलं की डोकं शांत राहतं.

वायरिंगचं एक अगदी महत्त्वाचं. बॉडी फायबरची, तिच्यातून करंट जात नाही, त्यामुळे नेहमीच्या गाडीत जसं पत्र्याला स्क्रू मारला की अर्थिंग झालं तसं इथे होत नाही. प्रत्येक दिव्याला, हॉर्नला, फॅनला, फ्युएल गेजला स्वतंत्र अर्थिंगची वायर चॅसिसपर्यंत न्यावी लागते. रेप्लिकांमधे इंडिकेटर दिला की मागचा लाइट मिणमिणतो वगैरे जे भुताटकीसारखे प्रकार असतात त्यातले बहुतेक इथलेच. जाड वायर वापरा, जोड क्रिंप करा, वर हीट श्रिंक चढवा आणि प्रत्येक वायरला लेबल लावा, कारण दोन वर्षांनी पावसात टॉर्च दातात धरून तुम्हालाच ते वाचायचंय.

मग पासिंग. ब्रिटनमधे घरी बांधलेल्या गाडीला आयव्हीए (इंडिव्हिज्युअल व्हेइकल अप्रूव्हल), म्हणजे एकेका गाडीची मंजुरी टेस्ट द्यावी लागते, 2009 पासून जुन्या एसव्हीए टेस्टच्या जागी ही आली. इन्स्पेक्टर खरंच बारकाईने बघतात आणि बघावंच, कारण ती गाडी उद्या शाळेसमोरून जाणार आहे. बाहेरच्या कडा गोल हव्यात, बहुतेक ठिकाणी किमान अडीच मिलिमीटर रेडियस, वायर आणि ब्रेक पाइप दर 300 मिलिमीटरच्या आत क्लिपने धरलेले हवेत, आवाज 99 डेसिबलच्या आत, वळण घेऊन स्टिअरिंग सोडलं की ते स्वतःहून सरळ यायला हवं, आणि स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवता कामा नये. कोब्राच्या डॅशवरचे टॉगल स्विच दिसायला देखणे पण डोकं आपटेल अशा भागात येतात, म्हणून स्विचची जागा आधीच ठरवा. सगळी बिलं, डोनर गाडीचे कागद आणि बांधकामाचे फोटो तारखेनुसार ठेवा, कारण गाडी हौशी माणसाने स्वतः बांधली हे दाखवावं लागतं, आणि कुठली नंबर प्लेट मिळणार, डोनरच्या वयाची की क्यूची (वय नक्की सांगता येत नाही अशा गाडीची), हेही त्या कागदांवरच ठरतं. आणि इंजिनाच्या वयावरून एमिशनची मर्यादा ठरते, तर इंजिन नंबरवरून त्याचं साल सिद्ध करणारा पुरावा आधीच घेऊन ठेवा.

(भारतातले मित्र विचारतात की पुण्यात अशी बांधता येईल का. बांधता येईल हो, पण रस्त्यावर आणणं अवघड आहे. 2019 मधे सुप्रीम कोर्टाने कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमधे फेरफार केलेल्या गाडीचं रजिस्ट्रेशन होणार नाही असं स्पष्ट सांगितलंय, आणि हौशी माणसासाठी आयव्हीएसारखी एका गाडीची सोपी टेस्ट तिथे नाही. ती असायला हवी असं मला मनापासून वाटतं, आपल्याकडे इतके हुशार मेकॅनिक आणि फॅब्रिकेटर आहेत.)

आता रस्ता. कॉव्हेंट्रीहून इन्व्हर्नेस पावणेपाचशे मैलांच्या आसपास, ते एका दिवसात करू नका. उघड्या गाडीत मोटरवेवर वारा आणि आवाज दोन तासांत माणसाला थकवतो, कानात फोमचे प्लग घाला, खरंच घाला. एम सिक्सने प्रेस्टनवरून गेलो, तिथला तुकडा म्हणजे 1958 मधे उघडलेला ब्रिटनचा पहिला मोटरवे, पुढे शॅपची चढण, रात्री मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी ए नाइन. ए नाइनवर डनब्लेनपासून इन्व्हर्नेसपर्यंत सरासरी वेग मोजणारे कॅमेरे आहेत, तर निवांत चला, व्ही8 टॉप गिअरमधे कमी आरपीएमवर फार सुंदर चालतं आणि पेट्रोलही वाचतं.

इन्व्हर्नेसहून आम्ही घड्याळाच्या दिशेने गेलो, म्हणजे आधी पश्चिम किनारा. दोन कारणं. इथे गाडी डाव्या बाजूने चालते, म्हणजे या दिशेने समुद्र कायम तुमच्या बाजूला आणि शेजारी बसलेल्याला तर अगदी मोकळा दिसतो. दुसरं म्हणजे बिआलख ना बा हा घाट या दिशेने चढायला मिळतो, हेअरपिन वळणं चढावर येतात आणि उतार अ‍ॅपलक्रॉसच्या बाजूने जरा सौम्य आहे. टॉर्नाप्रेसच्या फाट्यावर मोठी पाटी आहे, शिकाऊ ड्रायव्हर, मोठ्या गाड्या आणि कॅरॅव्हॅनने जाऊ नये म्हणून. जवळपास समुद्रसपाटीपासून 626 मीटरवर चढतो, काही ठिकाणी पाचास एक चढ. आंबेनळी घाटात गाडी चालवलेल्या माणसाला वळणांची भीती वाटणार नाही, पण इथे रस्ता एकाच गाडीपुरता आणि समोरून कँपरव्हॅन. आम्ही सकाळी आठच्या आत फाट्यावर होतो आणि पहिला अर्धा घाट पूर्ण रिकामा मिळाला. सेकंड गिअर, आवाज डोंगराच्या भिंतीवरून परत येतोय, बायको मागे वळून खालची लॉख किशोर्न ही खाडी बघतेय, आणि तापमानाचा काटा मधल्या रेघेवर स्थिर. गॅरेजमधले ते सगळे थंडीचे रविवार त्या दहा मिनिटांत वसूल झाले.

वर व्ह्यू पॉइंटला इंजिन बंद केलं आणि थोड्या वेळाने परत सुरूच होईना. सेल्फ फिरतोय, इंजिन घेत नाही. हे कार्ब्युरेटरवाल्या व्ही8 मधे होतं, चढून आल्यावर बंद केलेल्या इंजिनाची उष्णता वर चढते आणि कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उकळतं. उपाय सोपा आहे, बॉनेट उघडा, पंधरा-वीस मिनिटं वारा लागू द्या, मग अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. आमची तशीच सुरू झाली. तुम्ही बांधत असाल तर कार्ब्युरेटरखाली उष्णता अडवणारा फेनॉलिकचा जाड स्पेसर टाका, पेट्रोलची लाइन एक्झॉस्टपासून लांब न्या आणि रेडिएटरच्या फॅनला डॅशवर हाताने चालू करायचा वेगळा स्विच द्या, म्हणजे बंद करण्याआधी दोन मिनिटं फॅन चालवता येतो. घरी आल्यावर मी स्पेसर बसवलाच.

पेट्रोल. टाकी साठ लिटरच्या आतबाहेर असेल आणि लिटरला सात-साडेसात किलोमीटर मिळत असतील तर रेंज पुरते, पण अर्धी झाली की भरा हा नियम पाळा. अ‍ॅपलक्रॉसला गावानेच चालवलेला पंप आहे, फार मोठी सोय. छोट्या पंपांवर जे असेल ते घ्यावं लागतं. 2021 पासून इथे साधं पेट्रोल म्हणजे ई10, दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं, आणि जास्तीच्या इथेनॉलने जुने रबरी होज आतून सडतात, म्हणून बांधतानाच सगळे होज आर9 ग्रेडचे घाला.

एकेरी रस्त्यांची रीत शिकून जा. पासिंग प्लेस, म्हणजे समोरच्याला वाट देण्यासाठी रुंद केलेली जागा, डावीकडे असेल तर त्यात शिरा, उजवीकडे असेल तर तिच्या समोर आपल्याच बाजूला थांबा, समोरचा त्यात शिरेल. मागून स्थानिक माणूस घाईत येत असेल तर त्याला पुढे जाऊ द्या, त्याला कामावर जायचंय, आपण फिरायला आलोय. पासिंग प्लेसमधे पार्किंग अजिबात नाही. हात वर करून आभार मानायचे, कोब्रातून मानले की समोरचे हसून दोन हात वर करतात. मेंढ्या रस्त्यात बसलेल्या असतात, हॉर्न मारू नका, हळूहळू या, त्या उठतात.

अ‍ॅपलक्रॉसहून शील्डेगपर्यंत किनाऱ्याने जाणारा रस्ता, मग टॉरिडनचे डोंगर, गेअरलॉख, उल्लापूल. लॉकिन्व्हर ते ड्रमबेग हा बी869 रस्ता माझ्या मते अख्ख्या फेऱ्यातला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात सुंदर. चढउतार इतके अचानक की लांब बॉनेटमुळे माथ्यावर पुढे फक्त आकाश दिसतं, तेव्हा शेजारचा माणूस उंच होऊन बघून सांगेल असं ठरवून ठेवा. बायको "थांब थांब, येतंय कोणीतरी" म्हणाली आणि मी थांबलो, असं बऱ्याचदा झालं, तिच्याशिवाय तो रस्ता मी केला नसता. ऑइल सम्पखाली चार-पाच इंच तरी मोकळी जागा ठेवा, गुरं अडवायच्या लोखंडी जाळ्या आणि मधोमध फुगलेले रस्ते दोन्ही लागतात. पुढे काइलेस्कूचा 1984 मधला वळणदार पूल, तिथे गाडी बाजूच्या पार्किंगमधे लावून चालत जा.

डरनेसला एक म्हातारे गृहस्थ गाडीभोवती फिरले आणि विचारलं, ओरिजिनल? मी म्हटलं नाही, घरी बांधली. तर ते जास्तच खूश झाले, गुडघ्यावर बसून वेल्ड बघायला लागले. खरं ते सांगा, लोक त्याचाच मान ठेवतात. साइड एक्झॉस्ट मात्र लहान मुलांना हात लावू देऊ नका, आणि स्वतः उतरतानाही पोटरी जपा. तो चटका कोब्रावाल्यांमधे प्रसिद्ध आहे.

डरनेसनंतर उत्तर किनारा, थर्सो, जॉन ओ ग्रोट्स आणि पूर्वेचा ए नाइन, रस्ता रुंद होत जातो, एका दमात होण्यासारखा.

सामान मऊ बॅगांमधे, आत प्लास्टिकची पिशवी. हत्यारांचं नीट ऐका : रोव्हर इंजिनाचे नट-बोल्ट इंची, जॅग्वारचे मिलिमीटरचे, तर पाने आणि सॉकेट दोन्ही मापांचे घ्या. शिवाय फॅन बेल्ट, डिस्ट्रिब्यूटर कॅप, रोटर, कॉइल, अ‍ॅक्सिलरेटर केबल, फ्यूज, होज क्लॅम्प, वायरचा तुकडा, मल्टिमीटर, दोन लिटर ऑइल. प्रत्येक महत्त्वाच्या नटावर पिवळ्या रंगाची रेघ मारून ठेवा, रोज सकाळी नुसत्या नजरेने कळतं काही सुटलंय का. आमचा एक्झॉस्टचा एक बोल्ट स्कॉरीला असाच सापडला, निघायच्या आधी आवळला.

महिना मे चांगला. पाऊस त्यामानाने कमी, दिवस लांब, आणि मिजेस म्हणजे ती बारीक चावणारी चिलटं अजून पूर्ण भरात नसतात. जून ते ऑगस्टमधे वारा पडला की उघड्या गाडीत थांबणं अशक्य होतं. हॉटेलं हिवाळ्यातच बुक करा आणि फोनवर विचारा की पार्किंग खडीचं आहे का आणि चढ किती आहे. इन्शुरन्स किट कारचा, म्हणजे घरी बांधलेल्या गाडीचा, वेगळा घ्या, किंमत आधी ठरवलेला, आणि ब्रेकडाउन कव्हरमधे फ्लॅटबेडने घरापर्यंत आणणार असं लेखी असू द्या, कारण इतकी खाली बसलेली गाडी टो करायला गेलं की पुढचा भाग फुटतो. हायलँडमधे बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नाही, तो नंबर कागदावर लिहून ठेवा.