३५० रुपयांचं कांदा अनुदान आणि वाटेकरी

कांदा अनुदानाचा विषय निघाला की आमच्या निफाड-चांदवडकडं अजूनही वाद पेटतो, २०२३ चं प्रकरण आहे तरी. नाशकातल्या मित्रांना वाटतं सरकारनं पैसे वाटले, शेतकऱ्यांनी घेतले, विषय संपला. तसं नाहीये.

त्या फेब्रुवारी-मार्चला लाल कांद्याचा भाव एवढा पडला की काहींच्या पट्टीत (बाजार समितीतली विक्रीची पावती) हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाऊन काहीच उरेना, सोलापूरला एकाला ५१२ किलो विकून २ रुपयांचा चेक मिळाला ती बातमी तर तुम्हीपण फॉरवर्ड केली असेल. मग ठेवायचा ना भाव येईपर्यंत, असं सिटीतले म्हणतात. अहो, कांदाचाळीत साठवून ठेवतात तो उन्हाळी कांदा! लाल, रांगडा टिकत नाही, काढला की मार्केटला न्यायचा नाहीतर ट्रॅक्टरचा रोटर फिरवून मातीत गाडायचा.

मग दिंडोरीहून मुंबईकडं शेतकऱ्यांचा लाँग मार्च निघाला, विधानसभेचं अधिवेशन चालूच होतं, आधी ३०० जाहीर झाले मग क्विंटलला ३५०. १ फेब्रुवारी ते ३१ मार्चमधे विकलेल्या मालाला, आणि फक्त २०० क्विंटलपर्यंत, म्हणजे जास्तीत जास्त ७० हजार. ज्यानं वैतागून उभ्या पिकात रोटर फिरवला त्याला शून्य, कारण पट्टीच नाही.

खरी गंमत कागदांची. पट्टी पाहिजे, सातबाऱ्यावर कांद्याची नोंद पाहिजे, ई-पीक पाहणी (मोबाइल ॲपवर पिकाची नोंद) तर निम्म्या लोकांनी केलीच नव्हती (शेतात रेंज येत नाही हो), शेवटी गावातल्या समितीनं खात्री करून द्यायची अशी सूट निघाली. सातबारा वडिलांचा आणि पट्टी पोराच्या नावाची असेल तर सहमतीचं शपथपत्र, तेही ठीक. पण वाट्यानं करणाऱ्याचं काय? त्याला मालक काही लिहून द्यायला तयार नसतो, उद्या कूळ लागलं म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क लागला तर, ही भीती आमच्याकडं आजोबांच्या काळापासून आहे आणि कितीही समजावलं तरी जात नाही. त्यामुळं खूप ठिकाणी पट्टीच मालकाच्या नावानं फाडलेली, पैसे पण त्याच्याच खात्यात. आमच्या ओळखीतल्या एका नानांनी आल्या आल्या निम्मे वाटेकऱ्याला दिले. दुसरे एक म्हणाले, बियाणं माझं, खत माझं, तुला कशाचे देऊ? आता बोलत नाहीत दोघं.

बरं पैसे एकदम आले असंही नाही. नाशिकची मागणी मोठी म्हणून पहिल्यांदा १० हजारापर्यंतच सोडले, सप्टेंबरमधे, बाकीचे नंतर तुकड्या तुकड्यानं. आणि त्याच्या आधीच, ऑगस्टमधे, केंद्रानं कांद्यावर ४०% निर्यात शुल्क लावलं होतं, डिसेंबरला तर निर्यातच बंद! अनुदानाचा हिशोब करायचा तर हे पण धरा.

आता फार्मर आयडी (शेतकऱ्याचा सरकारी ओळख क्रमांक) आलाय, तोही सातबाऱ्यावरच निघतो, पीएम किसानचे २ हजारही जमीन नावावर असेल तरच. माझं म्हणणं एवढंच की विकलेल्या मालाचं अनुदान असेल तर पिकवणाऱ्याच्या नावानं पट्टी फाडा आणि तिच्यावर नाव असलेल्याला द्या, मालकाचा सातबारा मागू नका. यात व्यापारी घुसतील म्हणतात. घुसतील ना, पण सातबाऱ्याची अट असताना पण बोगस पट्ट्या निघाल्याच की.