दोघींच्या मधला पत्रा

२००६ चा मे महिना. रात्रपाळी संपायला आली होती आणि ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर दोन बायका एकमेकींच्या अंगावर धावून जात होत्या. एकीनं भुवईवर पदर दाबून धरलेला, पदराला रक्त. शेजारी तिचा नवरा. तोच बोलत होता, "नळावर हिनं हंडा घातला डोक्यात, साहेब." दुसरी पोराबाळांच्या शपथा घेत होती. दोघींनाही एकमेकींवर एनसी हवी होती.

एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तिचा तपास आम्हाला करता येत नाही. नोंद करायची, प्रत हातात द्यायची. लोक ती प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीत जपतात आणि भांडण होतं तिथंच राहतं. फारच चिघळलं तर तेव्हा कलम १०७ ची चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखण्याचं बंधपत्र लिहून घ्यायची कारवाई. मी तेव्हा नवा पीएसआय, म्हणजे पोलीस उपनिरीक्षक होतो. एव्हाना अशा कितीतरी एनसी लिहून झाल्या होत्या आणि त्यांतून एकही भांडण मिटलेलं मी पाहिलं नव्हतं.

पण घाटकोपरच्या डोंगरावरच्या त्या वस्तीत पोलीस पंचायत होती, वस्तीतली भांडणं वस्तीतच मिटवणारी. पुण्यात सुरू झालेला हा प्रयोग अनामी रॉय मुंबईचे पोलीस आयुक्त असताना इथं आला. जोकिन अर्पुथम यांची झोपडपट्टीवासीयांची संघटना त्यात बरोबरीनं होती. वस्तीतले दहा पंच, त्यांत सात बायका आणि तीन पुरुष. सोबत ठाण्याचा एक अधिकारी. त्या वस्तीसाठी तो अधिकारी मी होतो.

जखमी बाईला मेडिकल मेमो देऊन पालिकेच्या रुग्णालयात पाठवलं. तीन टाके पडले. दुपारी पंचायतीच्या खोलीत गेलो तर सगळ्यात वयस्कर पंच मावशी वाटच बघत होत्या.

"नळावर शिव्यागाळी झाली साहेब, हंडे आपटले. पण हात कुणीच उचलला नाही. आम्ही वीसेक जणी होतो की तिथं." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि हंड्यानं टेंगूळ येतं. अशी खोक नाही पडत. ही सांडशी आहे. तिचा डावा दंड बघा."

तो नवरा सकाळी तासभर माझ्यासमोर उभा होता. रिक्षा त्यानंच आणली, तक्रार त्यानंच सांगितली. बायकोच्या तोंडून मी एक वाक्यही ऐकलं नव्हतं आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. ही चूक मी आजवर विसरलेलो नाही.

एक पुरुष पंच म्हणाला, "घरातली बाब आहे. त्याला बोलावून समज देऊ, लिहून घेऊ." त्याचा हेतू वाईट नव्हता. वस्तीत असे कागद पुष्कळ झाले असतील. मावशींनी त्याला तिथंच थांबवलं. "नळाचं भांडण आपलं. हे ठाण्याचं." पंचायतीनं काय मिटवायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे माझ्या प्रशिक्षणात कुणी इतकं स्वच्छ सांगितलं नव्हतं.

मग त्यांनी सगळ्या पुरुषांना बाहेर काढलं. मलाही. वर्दीत मी गटाराच्या कडेला उभा राहिलो, आत फक्त बायका. नवऱ्याला एका पंचानं चहाच्या टपरीवर बसवून ठेवलं होतं. तासाभरानं दार उघडलं. ती बाई बाहेर आली. डोळे कोरडे होते. म्हणाली, "लिहा साहेब."

४९८ अ लागलं, नवऱ्यानं केलेल्या छळाचं तेव्हाचं कलम. जबाब रात्री नऊपर्यंत चालला. महिला हवालदार लिहून घेत होत्या आणि बाकावर तिचं दोन वर्षांचं पोर कुणाच्या तरी मांडीवर झोपलं होतं. नीट पाहिलं तर सकाळची तीच, शपथा घेणारी शेजारीण. तिला मी बोलावलंही नव्हतं.

"माझापण जबाब घ्या," ती म्हणाली. "आमच्या दोघींच्या मधे एकच पत्रा आहे. मला रोज ऐकू येतं." हे वाक्य मी तिच्याच शब्दांत उतरवलं. सकाळी जिच्यावर एनसी मागितली होती, ती संध्याकाळी आमची साक्षीदार झाली.

पाण्याचं मात्र बाकीच होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला मावशी आणि दोन पंच बायका नळावर येऊन बसल्या, मीही गेलो. रांगेतल्या शेवटच्या दहा घरांना धारच येत नव्हती. मावशी उकिडव्या बसल्या, पाइपावर तळहात टेकवला आणि हात न उचलता एकेक घर पुढं सरकत गेल्या. सातव्या घरापाशी थांबल्या. "इथं थरथरतंय. मोटार लावलीये."

मी दार वाजवलं.