सणाचे गोडधोड आणि रोजचे ताट : माझा अनुभव

सणासुदीचा हंगाम तोंडावर आलेला असताना केलेल्या रक्ततपासणीत माझे एचबीएवनसी ५.९ टक्के आले. रक्तातील साखर हिमोग्लोबिनला चिकटते आणि लाल रक्तपेशीचे आयुष्य साधारण १२० दिवसांचे असते, त्यामुळे हा आकडा त्या दिवशीची नव्हे तर मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवतो. ५.७ ते ६.४ टक्के हा मधुमेहपूर्व स्थितीचा पट्टा मानला जातो आणि ६.५ पासून पुढे मधुमेहाचे निदान होते. डॉक्टरांनी औषध लिहून दिले नाही. आहार, चालणे आणि झोप यांकडे लक्ष देऊन तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करा, एवढेच सांगितले. त्या तीन महिन्यांत सगळे सण, सगळी पाहुणेमंडळी आणि घरातले सगळे गोडधोड येऊन जाणार होते, म्हणजे पुढच्या अहवालात नेमका त्याच काळाचा हिशेब लागणार होता.

सल्ले लगेच मिळाले आणि ते दोनच प्रकारचे होते. यंदा गोडाला हात लावायचा नाही, हा पहिला; आणि सण वर्षातून एकदा येतात, आता खाऊन घे, नंतर बघता येईल, हा दुसरा. पहिला मला पटला नाही, कारण ज्या घरात स्वयंपाक मीच करते तिथे मी काही खाणारच नाही, असे ठरवून फारसे काही साधत नाही. शिवाय कडक पथ्य करणाऱ्यांचे काय होते, यावर १९७५ मध्ये हर्मन आणि मॅक या संशोधकांनी केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. एरवी खाण्यावर ताबा ठेवणाऱ्या व्यक्तींना आधी मिल्कशेक प्यायला दिले, तर नंतर त्यांनी आईस्क्रीम कमी न खाता उलट जास्त खाल्ले. एकदा नियम मोडलाच आहे तर आजचा दिवस गेलाच, असा तो हिशेब. दुसऱ्या सल्ल्याचेही खरे नाही. अमेरिकेत १९५ प्रौढांच्या वजनाचा मागोवा घेऊन २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुट्ट्यांच्या काळातली सरासरी वाढ अवघी ०.३७ किलो आढळली होती, पण ती पुढच्या वसंत आणि उन्हाळ्यात उतरली नाही. आकडा ऐकायला क्षुल्लक आहे. मात्र दर वर्षी त्यात तेवढीच भर पडत गेली तर दहा-पंधरा वर्षांत कपडे बदलावे लागतात.

म्हणून पथ्य ठरवण्याआधी, हंगामातल्या पहिल्या सणाच्या आगेमागच्या दिवसांत नेमके किती आणि केव्हा खाल्ले जाते याची मी वहीत नोंद ठेवली. तोलून-मापून काही नाही, फक्त वेळ, पदार्थ आणि तो बसून खाल्ला की उभ्याने, एवढेच लिहीत होते. त्या वहीतून जे दिसले त्यावर माझी पुढची सगळी आखणी उभी राहिली. सणाच्या मुख्य जेवणाचा वाटा त्यात फारच थोडा होता. खरा भरणा होता तो तळताना चव पाहण्यासाठी खाल्लेल्या तुकड्यांचा, कुणी आले की त्यांच्यासोबत पुन्हा घेतलेल्या बशीचा, आणि सण संपल्यावर डबे रिकामे करण्याच्या नादात जाता-येता तोंडात टाकलेल्या घासांचा. सणाचे दिवस मोजकेच असतात, त्यांच्या आगेमागे पसरलेले दिवस मात्र पुष्कळ असतात, आणि मला सांभाळायचे होते ते हे पसरलेले दिवस.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मुक्त शर्करा (म्हणजे वरून घातलेली साखर, तसेच मध आणि रसांतली साखर) एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी आणि शक्य झाल्यास ५ टक्क्यांच्या आत ठेवावी. रोज २,००० कॅलरींचा आहार धरला तर याचा अर्थ ५० ग्रॅम आणि २५ ग्रॅम असा होतो. मी दिवसातून तीनदा चहा घेत असे आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर असे. सपाट चमच्यात सुमारे ४ ग्रॅम साखर मावते, म्हणजे केवळ चहातून २४ ग्रॅम साखर जात होती आणि तिचा आनंद म्हणावा तर शून्य, ती निव्वळ सवय होती. सणाच्या पदार्थांसाठी जागा करायची तर ती इथूनच, असे मी ठरवले. साखर एकदम बंद न करता हळूहळू अर्ध्या चमच्यावर आणली. बाटलीबंद सरबते आणि डब्यातले फळांचे रस घरात आणणे थांबवले. रसातली साखर फळातून आलेली असली तरी मुक्त शर्करेतच धरली जाते, आणि मधाचेही तसेच आहे. त्यामुळे साखरेऐवजी मध घातला म्हणून गोड पदार्थ पथ्याचा ठरतो, हे म्हणणे मी मनावर घेतले नाही.

त्यानंतर पदार्थांची निवड केली. वर्षभर ज्यांची खरोखर वाट पाहिली जाते असे तीन-चारच पदार्थ आपल्या मनात असतात. बाकीचे समोर आले म्हणून खाल्ले जातात. मी ते मोजके पदार्थ निवडून लिहून ठेवले आणि ते पूर्ण साखर, पूर्ण तूप घालून, जसे व्हायला हवेत तसेच केले. कमी साखरेच्या, तळण्याऐवजी भाजलेल्या पर्यायी कृतींबद्दल माझे मत फारसे चांगले नाही, कारण त्या पदार्थाने समाधान होत नाही आणि हा तर पौष्टिक आहे या समजुतीने दुप्पट खाल्ला जातो. एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून ९ कॅलरी मिळतात आणि एक ग्रॅम साखरेतून ४. कृतीत साखर कमी करून सुका मेवा आणि तूप वाढवले तर बेरीज वाढण्याचाच संभव अधिक. निवडीबाहेरचे, विशेषतः भेट म्हणून आलेले खोक्यातले गोड पदार्थ, चव न घेताच पुढे देण्याची सवय लावून घेतली. त्यात काही गमावल्यासारखे वाटले नाही, कारण त्यांतल्या बहुतेकांची चव एकसारखीच असते.

प्रमाण कमी करण्याच्या बाबतीत मात्र घरातूनच प्रश्न आला. मी नेहमीच्या निम्मेच करणार म्हटल्यावर सासूबाई म्हणाल्या, “अगं, माणसं येणार घरात, डबे रिकामे दिसले तर कसं दिसेल?” मी म्हटले, “आई, रिकामे नाही ठेवायचे, लहान डबे काढू या. लागलं तर पुन्हा करू.” लहान डबे भरलेले दिसतात, हे त्यांना पटले. पारदर्शक बरण्यांऐवजी झाकणाचे स्टीलचे डबे घेतले आणि ते ओट्यावरून उचलून वरच्या फळीवर ठेवले. फळीपर्यंत हात पोहोचायला स्टूल लागते. स्टूल आणून, वर चढून, डबा काढून खायचे तर ती भूक खरी असते, असे मी गमतीने म्हणत असे, आणि बऱ्याच वेळा स्टूल आणण्याचा विचारच बाद होत असे. तळणाचे काम दुपारच्या जेवणानंतर लगेच काढले, कारण भरल्या पोटी चव पाहिली तर ती एका तुकड्यावर थांबते.

जेवणाच्या ताटात फारसा बदल केला नाही, बदल केला तो क्रमात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात टाइप २ मधुमेह असलेल्या ११ जणांना एकच जेवण दोन वेगवेगळ्या क्रमांनी दिले होते. भाज्या आणि प्रथिने आधी खाऊन पंधरा मिनिटांनी पिष्टमय पदार्थ खाल्ले, तेव्हा एका तासानंतरची रक्तशर्करा उलट क्रमाच्या तुलनेत सुमारे ३७ टक्के कमी होती. ११ हा आकडा लहान आहे, हे खरे. पण क्रम बदलण्यात खर्च नाही आणि धोकाही नाही, म्हणून मी तो अंगीकारला. कच्ची भाजी आणि डाळ आधी, मग बाकीचे, आणि गोड सर्वांत शेवटी. गोड कधीही दोन जेवणांच्या मधे, रिकाम्या पोटी खायचे नाही, एवढा एकच नियम मी सर्व दिवस कसोशीने पाळला. संध्याकाळी मोठे जेवण असले तरी सकाळची न्याहारी टाळली नाही. पोट रिकामे ठेवून गेलेले माणूस ताटासमोर काय करते, हे वेगळे सांगायला नको.

कुणाकडे जेवायला गेल्यावरचा प्रश्न अधिक नाजूक होता. पदार्थांची संख्या वाढली की खाणे वाढते, याला शास्त्रीय आधार आहे. एका चवीने मन भरले तरी दुसरी चव समोर आली की भूक पुन्हा जागी होते, हे बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी दाखवून दिले आहे. त्यामुळे सगळे थोडे थोडे चाखून पाहते, हे वरवर संयमी वाटणारे धोरण मला महागात पडले असते. मी आधी सगळ्या पदार्थांवरून एकदा नजर फिरवून दोनच निवडत असे. आग्रहाला उत्तर म्हणून डॉक्टरांचे नाव घेणे पहिल्याच घरी बंद केले, कारण ते घेतले की सगळ्या उपस्थितांच्या साखरेच्या अहवालांची चर्चा सुरू होते आणि जेवणाची रया जाते. त्याऐवजी पहिल्यांदा वाढतानाच थोडे मागून घ्यायचे, सावकाश खायचे, आणि वाटी रिकामी होऊ द्यायची नाही, हे जास्त उपयोगी पडले. वाढणाऱ्याचे लक्ष रिकाम्या वाटीकडेच असते. माझी मावशी तरीही ऐकेना, तेव्हा तिला म्हटले, “मावशी, आत्ता नको, घरी न्यायला एक दे. उद्या जेवणानंतर तुझी आठवण काढून खाईन.” तिने चार बांधून दिले, हा भाग निराळा. घरी त्याचे वाटे झाले.

चालण्याचे काही मोठे संकल्प केले नाहीत. जेवणानंतर साधारण पंधरा मिनिटे सावकाश फिरण्याने जेवणानंतरची साखर आटोक्यात राहते, हे २०१३ मधील एका अभ्यासात साखर वाढलेल्या ज्येष्ठ व्यक्तींमध्ये दिसले होते, आणि सणाच्या दिवशी व्यायामाला वेगळा तास काढणे शक्य नसले तरी जेवून उठल्यावर कुणाला तरी सोबत घेऊन फिरून येणे शक्य असते. झोपेचे मात्र जमले नाही. उशिरापर्यंत गप्पा आणि पहाटेची कामे यांत ती कमी झालीच, आणि अपुऱ्या झोपेच्या दुसऱ्या दिवशी गोड खाण्याची ओढ वाढते, हे स्पष्ट जाणवले. २००४ मध्ये १२ तरुणांवर झालेल्या प्रयोगात दोन रात्रींची झोप तोडल्यावर तृप्तीचे संप्रेरक लेप्टिन १८ टक्के घटले आणि भुकेचे घ्रेलिन २८ टक्के वाढले होते; तेव्हा अशा दिवशी इच्छाशक्तीवर विसंबण्यापेक्षा दुपारी थोडा वेळ आडवे होणे बरे, असे मी ठरवले.

वजन नियमित करण्याचा सल्ला मला प्रथम खटकला होता. पण ब्रिटनमध्ये २७२ प्रौढांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नाताळच्या काळात ज्यांना वारंवार वजन करून नोंद ठेवायला सांगितले होते आणि काही सोप्या सूचना दिल्या होत्या, त्यांचे वजन वाढले नाही. केवळ माहितीपत्रक मिळालेल्या गटाचे मात्र थोडे वाढले. मीही काटा बाहेर काढला. मोठ्या जेवणाच्या दुसऱ्या सकाळी तो जवळजवळ किलोभर पुढे सरकलेला दिसे. त्याने घाबरून उपास करण्याचे कारण नाही. एक किलो चरबी साठायला सुमारे ७,७०० कॅलरी जास्तीच्या लागतात आणि त्या एका जेवणात जात नाहीत. मिठाने शरीरात पाणी धरून ठेवले जाते आणि स्नायू व यकृतात साठणाऱ्या ग्लायकोजेनच्या (साखरेच्या साठवणीच्या रूपाच्या) प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी येते. दोन-तीन दिवस नेहमीचे जेवण घेतले की काटा मूळ जागी येत असे. तो आला नाही, तर मात्र डब्यांकडे पाहायचे, असा मी त्याचा अर्थ लावत असे.

सर्वांत कठीण गेला तो सण संपल्यानंतरचा आठवडा. पाहुणे गेलेले, कामाचा ताण सुरू झालेला, आणि फळीवर अर्धेमुर्धे डबे. वाया जाऊ नये म्हणून खाणे हा आपल्याकडचा सद्गुणच समजला जातो, परंतु जे शरीराला नको आहे ते पोटात टाकल्याने वाचते असे नाही. जे टिकणारे होते त्याचे लहान पुडे करून मुलांच्या आणि ऑफिसच्या डब्यांतून वाटले, काही शीतपेटीत गोठवले. एक ठरावीक दिवस नक्की केला आणि त्यानंतर रोजच्या जेवणात गोड येणार नाही, हे घरात सगळ्यांना आधीच सांगून ठेवले. सासूबाईंनी तो दिवस माझ्यापेक्षा कडक पाळला.

नंतरच्या तपासणीत आकडा ५.७ आला. या चाचणीत एखाद्या दशांशाचा फरक यंत्रामुळेही पडू शकतो, त्यामुळे डॉक्टरांनी फार कौतुक केले नाही. सणांचा काळ मधे असूनही वाढला नाही, एवढेच समाधानकारक म्हटले आणि पुढची तारीख दिली. ज्यांना साखरेची औषधे किंवा इन्सुलिन सुरू आहे त्यांनी जेवणाच्या वेळा आणि प्रमाण बदलण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलणे आवश्यक आहे. माझे तसे नव्हते.

यंदा अडचण वेगळी आहे. सणाचे बरेच दिवस आम्ही नातेवाइकांकडे राहणार आहोत, म्हणजे स्वयंपाकघर, डबे आणि फळी यांपैकी काहीच माझ्या हातात नसेल. निघण्यापूर्वी वहिनींना फोन करून सकाळच्या न्याहारीची जबाबदारी मी घेते, असे सांगितले आहे. त्या आनंदाने हो म्हणाल्या; निदान दिवसाची सुरुवात तरी माझ्या हातची होईल.